दिवा किती उंच, किती प्रखर?

सूर्यप्रकाश फुकट मिळतो, त्यामुळे त्याचे माप घेण्याची गरज आपणांस सहसा भासत नाही. ती भासते सूर्य अपुरा पडतो तेथे. शिकागोत डिसेंबरअखेरचा दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो. तेथील मराठी घरांतून उन्हाळ्यात जोपासलेली तुळस आणि कढीपत्ता हिवाळ्यात घरात घ्यावी लागतात. आणि मे महिन्यात परसात लावावयाच्या मिरचीची रोपे फेब्रुवारी-मार्चमध्येच घरात तयार करावी लागतात. त्यासाठी आतून चंदेरी अस्तर लावलेला कापडी तंबू उभारतात व त्यात एलईडी दिवा टांगतात. हा दिवा किती उंच टांगावा आणि किती प्रखर ठेवावा, एवढ्याच प्रश्नाचा आपण येथे विचार करू.

या कामी आपला डोळा भरवशाचा नाही. भर दुपारच्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो आणि रात्रीच्या दिवाणखान्यात २००-३००. तरी दोन्हीकडे आपण सारख्याच सहजतेने वर्तमानपत्र वाचतो, कारण डोळा स्वतःला जुळवून घेतो. पानाला ही सोय नाही. त्याच्यावर जितके प्रकाशकण पडतील, त्याच मानाने त्याला अन्न तयार करता येते. शिवाय डोळ्याला हिरवट-पिवळा रंग अधिक उजळ दिसतो. पान मात्र तांबडा आणि निळा प्रकाशही उत्तम वापरते. मॅक्री या शास्त्रज्ञाने १९७२ साली २२ जातींच्या वनस्पतींची पाने तपासून हे सविस्तर दाखविले.

म्हणून झाडाचा प्रकाश मोजावयाचा तो दर चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणाऱ्या प्रकाशकणांनी. त्याचे एकक मायक्रोमोल. भर उन्हात हा आकडा २,००० च्या घरात जातो. कोवळ्या रोपांना १०० ते २०० पुरे होतात. फळावर आलेल्या मिरची-टोमॅटोला ४०० हून अधिक लागतात. साधा लक्समापक असला तरी काम भागते: पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात लक्सला सुमारे ७० ने भागावे. १४,००० लक्स म्हणजे २०० मायक्रोमोल झाले. हाच प्रकाश १६ तास दिला, तर दिवसाची बेरीज साडेअकरा मोल होते. दिवा मंद असेल तर तास वाढवून काही भरपाई करता येते. परंतु रात्र अजिबात काढून टाकू नये. अखंड उजेडात टोमॅटोची पाने पिवळी पडतात.

आता उंचीकडे वळू. बिंदूएवढ्या दिव्यापासून अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथाईवर येतो, हा नियम आपण शाळेत शिकलो. तंबूत तो जसाच्या तसा लागू पडत नाही. दिवा पसरट असतो आणि चंदेरी भिंती प्रकाश परत फेकतात. तेथे घट त्याहून कमी होते, आणि किती कमी ते मोजूनच कळते. उंचीचे खरे काम प्रकाश सारखा पसरविण्याचे. प्रथम दिवा निर्मात्याने सांगितलेल्या उंचीवर टांगावा. मग शेंड्यांच्या पातळीवर मध्यभागी आणि चार कोपऱ्यांत माप घ्यावे. कोपऱ्यांत मध्याच्या निम्म्याहून कमी प्रकाश भरला, तर दिवा वर घ्यावा आणि कमी झालेला प्रकाश प्रखरतेचे बटण फिरवून भरून काढावा. रोपे वाढतात तसा शेंडा दिव्याजवळ जातो. म्हणून दर आठवड्यास हे माप पुन्हा घ्यावे.

दिव्याखाली हात धरून पाहण्याची जुनी रीत आहे. तिने उष्णता कळते, प्रकाश कळत नाही. सोडियमच्या तापट दिव्यांखाली ती उपयोगी होती. एलईडीखाली हाताला ऊब न लागताही शेंड्याची पाने पांढुरकी पडू शकतात.

अखेरची साक्ष रोपाचीच. खोड बारीक व लांब, दोन पानांतले अंतर मोठे, असे दिसले तर प्रकाश कमी पडतो आहे. पानांच्या कडा वर वळल्या, शेंडा फिकटला, तर तो जास्त होतो आहे. मात्र पाणी आणि उष्णताही तपासून घ्यावी. काहीही असो, बदल एकदम करू नये. प्रखरता थोडी बदलावी आणि तीन-चार दिवस वाट पाहावी.

ही दक्षता क्षुल्लक नव्हे. अंधारात ताणलेले रोप मागाहून कितीही प्रकाश दिला तरी आखूड होत नाही, आणि मे महिन्यात बाहेर लावताच वाऱ्याने आडवे होते. त्या वेळी नवे बी पेरावे, तर मिरची धरेपर्यंत थंडी दाराशी येते.