अंधत्वनिवारण व सार्वजनिक नेत्रसेवा

अंधत्व येऊ न देणे आणि आलेले अंधत्व शक्य तेथे दूर करणे, यांसाठी शासकीय रुग्णालयांमार्फत दिल्या जाणाऱ्या सेवांस सार्वजनिक नेत्रसेवा म्हणतात. भारतात पूर्वी चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/६० पेक्षा कमी असल्यास व्यक्ती अंध मानीत. २०१७ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार ही मर्यादा ३/६० करण्यात आली आहे. निरोगी डोळ्यास ६० मी. अंतरावरून ओळखता येणारी खूण ज्या व्यक्तीस ३ मी. अंतरावरूनही ओळखता येत नाही, ती या व्याख्येप्रमाणे अंध होय.

इतिहास : मोतीबिंदूवरील शस्त्रक्रियेचे वर्णन सुश्रुतसंहितेत आढळते. स्वतंत्र भारतात १९६३ साली खुपरी (डोळ्यांतील रवाळ फोडांचा सांसर्गिक रोग) नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९७० पासून लहान मुलांना अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा देण्यास प्रारंभ झाला, तर १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम अस्तित्वात आला. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते २००२ या काळात राबविलेल्या मोतीबिंदू प्रकल्पातील सात राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपरीचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले.

कारणे : २०१५–१९ मधील राष्ट्रीय पाहणीनुसार लोकसंख्येतील अंधत्वाचे प्रमाण ०·३६% होते. पन्नाशीपुढील व्यक्तींतील अंधत्वापैकी सु. ६६% मोतीबिंदूमुळे, म्हणजे शस्त्रक्रियेने दूर होण्याजोगे होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि साक्षरांपेक्षा निरक्षरांत अंधत्व अधिक आढळले. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. मधुमेहजन्य जालपटलविकारातही (डोळ्याच्या आतील प्रकाशग्राही पडद्याच्या विकारातही) हानी झाल्यावर उपचारांस मर्यादा पडतात. त्यामुळे या दोहोंत लक्षणे दिसण्यापूर्वीची तपासणी महत्त्वाची ठरते. शेतीकामात ज्वारीचे वा उसाचे पाते लागून स्वच्छमंडलास (बुबुळावरील पारदर्शक पडद्यास) जखम झाल्यास तीत बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. अशा डोळ्यात दूध वा झाडपाल्याचा रस घालणे, किंवा सल्ल्यावाचून स्टेरॉइडयुक्त थेंब वापरणे घातक असते.

सेवेची रचना : धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट या गावाच्या उदाहरणावरून ही रचना स्पष्ट होते. ईट येथे प्राथमिक आरोग्य केंद्र, भूम येथे ग्रामीण रुग्णालय आणि धाराशिव येथे जिल्हा पातळीवरील रुग्णालय, अशा या पायऱ्या आहेत. गावपातळीवर आशा कार्यकर्ती व परिचारिका संशयित रुग्ण शोधतात. नेत्रचिकित्सा अधिकारी दृष्टी तपासून चष्म्याचा क्रमांक ठरवितो व मोतीबिंदूचे रुग्ण पुढे पाठवितो. शस्त्रक्रिया नेत्रशल्यचिकित्सक करतो. तीत गढूळ नेत्रभिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवितात. असे भिंग प्रथम हॅरल्ड रिड्ली यांनी लंडन येथे १९४९ मध्ये बसविले. शासकीय कार्यक्रमात ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते.

अडचणी : शस्त्रक्रिया थोड्या वेळात होणारी व विनामूल्य असली, तरी रुग्ण तेथवर पोहोचतोच असे नाही. मोतीबिंदू पूर्ण पिकल्याशिवाय काढू नये, हा समज जुन्या शस्त्रक्रियापद्धतीच्या काळातील आहे. आज दृष्टी कामास अपुरी पडू लागताच शस्त्रक्रिया करणे हितावह असते. अतिपक्व मोतीबिंदूमुळे डोळ्यातील दाब वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते. दुसरी अडचण सोबतीची. या अवर्षणप्रवण भागातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात आणि वृद्ध मंडळी गावी मागे राहतात. त्यांना रुग्णालयात नेणारे, नंतर काही आठवडे डोळ्यांत थेंब घालणारे व फेरतपासणीस आणणारे घरात कोणी नसते. म्हाताऱ्या स्त्रीचे न दिसणे तर वयाचा भाग म्हणून सोडून दिले जाते. शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखणे, लाल होणे वा दृष्टी मंदावणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

मूल्यमापन : पूर्वी नेत्रसेवेचे यश मुख्यतः शस्त्रक्रियांच्या संख्येवरून मोजले जाई. परंतु उपरोक्त पाहणीत पन्नाशीपुढील अंधत्वाच्या कारणांमध्ये शस्त्रक्रियेतील गुंतागुंतीचाही समावेश होता. म्हणून शस्त्रक्रियेची गरज असलेल्यांपैकी किती जणांना ती मिळाली आणि तीनंतर चांगले दिसू लागले, हे प्रमाण आता विचारात घेतात. हे प्रमाण २०३० पर्यंत ३० टक्के बिंदूंनी वाढविण्याचे उद्दिष्ट जागतिक आरोग्य परिषदेने २०२१ मध्ये स्वीकारले. ईटसारख्या गावांच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की रुग्णास घरून नेणे, परत आणणे आणि फेरतपासणी करणे हेही शस्त्रक्रियेइतकेच रुग्णालयाचे कार्य ठरते.