धर्मसभेची शिरगणती

नकाशाच्या उत्तर टोकाला, बर्फाळ किनाऱ्यावर एक छोटं शहर आहे. लोकसंख्या ३. धर्मप्रचारक तिथे पोहोचतो, शहराच्या नावाशेजारी धर्माचं चिन्ह उमटतं आणि प्रचारक नकाशावरून नाहीसा होतो. ‘सिव्हिलायझेशन ४’ या खेळात अख्खा डाव अशा एका शहरावर फिरू शकतो.

२००७ मध्ये या खेळाची ‘बियाँड द स्वॉर्ड’ ही पुरवणी आली आणि तिच्यासोबत ‘अपॉस्टॉलिक पॅलेस’ नावाची वास्तू. ती बांधून पूर्ण होते तेव्हा बांधणाऱ्याचा जो राजधर्म असेल, तोच तिथल्या धर्मसभेचा धर्म ठरतो. खेळात सात धर्म आहेत. सगळ्यांचे गुण मुद्दाम सारखेच ठेवले आहेत, त्यामुळे बौद्ध धर्म असो की ताओ, मतांचं गणित बदलत नाही.

ते गणित असं. ज्या शहरांत सभेचा धर्म पोहोचला आहे, त्यांच्या लोकसंख्येइतकी मतं त्या राज्याला मिळतात. तोच राजधर्म असेल, तर मतं दुप्पट. एका शहरात अनेक धर्म नांदत असले, तरी मोजताना ते शहर पूर्ण धरलं जातं. मत मात्र नागरिक देत नाहीत. त्यांच्या नावावरची सगळी मतं राजा एकगठ्ठा टाकतो.

सभा युद्ध थांबवू शकते, धर्मयुद्ध पुकारू शकते, जिंकलेलं शहर मूळ मालकाला परत करायला लावू शकते. ठराव धुडकावणाऱ्या राज्याच्या शहरांत असंतोष पसरतो. सगळ्यात मोठा ठराव विजयाचा. तो मांडण्यासाठी प्रत्येक राज्याच्या किमान एका शहरात सभेचा धर्म असावा लागतो आणि जिंकायला एकूण मतांपैकी ७५ टक्के मतं लागतात. तटस्थ राहणाऱ्याची मतंही त्या एकूण बेरजेत धरलेली असतात.

माझ्या एका डावात माझ्या धर्मशहरांची लोकसंख्या ५० होती, म्हणजे मतं १००. त्याच राजधर्माच्या मित्रराजाची लोकसंख्या १५, मतं ३०. उरलेल्या दोन राज्यांचा राजधर्म वेगळा होता. मी त्यांच्या राजधान्यांत प्रचारक धाडले, कारण मोठ्या शहरात धर्म रुजवणं हेच मोठं यश वाटलं. दोन्ही राजधान्या २३-२३ लोकसंख्येच्या. विरोधकांना ४६ मतं मी स्वतःच दिली. एकूण १७६, गरज १३२ ची. मित्रासह माझ्याकडे १३०.

हेच प्रचारक ३-३ लोकसंख्येच्या दोन गावांत गेले असते, तर एकूण मतं १३६ झाली असती आणि १०२ पुरली असती. माझे आणि मित्राचे अनुयायी तितकेच, राजेही तेच, पण निकाल उलटा.

मग तूट भरून कशी काढायची? दोनच मतं कमी, म्हणजे माझ्या शहरात एक माणूस वाढला की झालं, असं वाटतं. पण माणूस वाढला की एकूण मतंही वाढतात आणि ७५ टक्क्यांची रेषा वर सरकते. हिशेब केला तर ४ माणसं लागतात. तेव्हा एकूण १८४, गरज १३८, आणि आपल्याकडे बरोबर १३८.

मला हा खेळ मोलाचा वाटतो तो इथे. बहुमत हे श्रद्धेच्या खोलीवर ठरत नाही. कोणाला मोजायचं, कुठल्या पटीने मोजायचं आणि टक्केवारी कशाची काढायची, या तीन नियमांवर ते उभं असतं. हे नियम ज्याने वाचले, त्याला सभा भरण्याआधीच निकाल दिसतो.

आणि ती ४ माणसं कुठून येतात? या खेळात लोकसंख्या धान्यावर वाढते. म्हणून धर्मसभेतल्या मतांची तयारी कितीतरी आधी, नदीकाठच्या गव्हाच्या शेतात करावी लागते.