पावसातही सुरळीत सरकणारा लाकडी खण

मृग लागला की कोकणात घरोघरी एक तक्रार ठरलेली. कपाटाचा खण उघडत नाही! सातबाऱ्याचा उतारा हवा असतो, सोसायटीची पावती हवी असते, चिपळूणची गाडी सुटायची वेळ झालेली असते आणि खण काही केल्या हलत नाही. जोर लावावा तर मूठच हातात येते. ग्रामपंचायतीच्या लाकडी टेबलाचीही हीच गत. आत नमुना ८ ची वही आणि बाहेर लोक ताटकळत.

याचे कारण साधे आहे. लाकूड हवेतला ओलावा पिते आणि फुगते. रेषेच्या दिशेने ते जवळजवळ वाढत नाही, आडवे मात्र वाढते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सहा इंच उंचीची खणाची फळी तेवढ्यात एक-दोन मिलिमीटर वाढते. वरखाली जागाच ठेवली नसेल तर तिने जायचे कुठे? ती अडकते.

यावर बरेच जण बाजारातून लोखंडी चॅनेल आणतात. ते छान चालते, नाही असे नाही. पण सावर्ड्यासारख्या दमट गावात साध्या पत्र्याला गंज धरतो, आतले छर्रे अडतात आणि मग जोडीच बदलावी लागते. लाकडी पट्टी झिजली तर गावातला सुतार अर्ध्या दिवसात नवी बसवून देतो. घरचे कपाट हाताने बनवून घेणार असाल तर बाजूच्या लाकडी पट्टीवर लटकणारा खण करून घ्या. त्याची रीत अशी.

कपाटाला फणस, आंबा काहीही चालेल, पण पट्टी सागाची घ्या. ऐन, किंजळही टिकतात. सावर्ड्याला खैर कातासाठी माहीत आहे. त्याचे लाकूड फार कठीण, पण रंध्याला जड जाते. घरचे झाड तोडायचे असेल तर आधी वन खात्याची परवानगी काढा. साग, खैर, ऐन, किंजळ ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात येतात, मग ती तुमच्या बांधावर का असेनात. लाकूड वाळलेले हवे. इंचभर जाडीच्या फळीला सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, साधारण वर्ष द्यावे लागते.

खणाची बाजूची फळी निदान १८ मिलिमीटर जाड असू द्या. तिच्या बाहेरच्या अंगाला मधोमध १६ मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर खोल खाच पाडा. खाच मागे उघडी ठेवा आणि दर्शनी फळीच्या अलीकडे बंद करा. पट्टीचे टोक तिथे टेकते आणि खण आपोआप थांबतो. पट्टी ८ मिलिमीटर जाड आणि खाचेपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी रुंद ठेवा. खणाची एकूण रुंदी कपाटाच्या आतल्या मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी हवी.

आता खरी मेख. कपाटाची बाजू सलग लाकडाची असेल तर पट्टी सरसाने चिकटवू नका. बाजूची फळी पावसात पुढे-मागे फुगते, पट्टीची लांबी मात्र तेवढीच राहते. दोन्ही जखडल्या तर फळीला चीर पडते. पट्टीला तीन पितळी स्क्रू मारा. पुढचे भोक गोल ठेवा आणि मागची दोन पट्टीच्या लांबीत लांबट करा, म्हणजे फळीला हलायला वाव राहतो. स्क्रूची डोकी आत बुडवा. प्लायवूडचे कपाट असेल तर ही काळजी लागत नाही.

दोन्ही पट्ट्या एका उंचीवर याव्यात म्हणून मोजपट्टीवर विसंबू नका. प्लायचा एक तुकडा त्या उंचीचा कापा, कपाटाच्या तळाशी उभा करा, त्यावर पट्टी टेकवा आणि स्क्रू मारा. दुसऱ्या बाजूलाही तोच तुकडा. सुरुवात वरच्या खणापासून करा. मग तोच तुकडा कापून खालच्या खणाला वापरता येतो.

खणाच्या वर फट किती ठेवायची? काम मे महिन्यात होत असेल तर तीन मिलिमीटर. जुलैत लाकूड आधीच फुगलेले असते, तेव्हा दीड पुरे. खाचेला व्हार्निश लावू नका, पावसात ते चिकटते. तेलावर धूळ बसते. साधी मेणबत्ती किंवा मधमाशीचे मेण घासा. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, पुन्हा घासा.

मर्यादाही ध्यानात घ्या. खण रुंदीपेक्षा खोल असेल तर सरळ चालतो. फार रुंद केला तर तिरपा होऊन अडतो. पहार, कोयते, लोखंडी अवजारे यात भरू नका. कागदपत्रे, कपडे, बियाण्यांच्या पुड्या यांना हा खण उत्तम.

सुताराला काम सांगताना एवढ्या दोन गोष्टी आवर्जून सांगा: वर फट आणि मागची लांबट भोके. मग भर आषाढातही सातबारा एका बोटाच्या ओढीने हाती येईल.