टोपलीखालची पिल्लं

फेब्रुवारीच्या अखेरीस सकाळी सातच्या सुमारास वेळासच्या किनाऱ्यावर माणसांची गर्दी दोरीच्या अलीकडे उभी असते आणि सगळ्यांचे डोळे एका उपड्या टोपलीवर लागलेले असतात. कोणी मुंबईहून रात्रभर गाडी चालवून आलेलं, कोणी पुण्याहून. मुलं कंटाळलेली, आजोबांना चहा हवा असलेला. मग गावातला एक तरुण कुंपणात शिरतो, टोपली उचलतो आणि खाली वाळूत तळहाताएवढीसुद्धा नसलेली काळपट पिल्लं वळवळताना दिसतात. कधी पंचवीस, कधी पन्नास. कधी एकही नाही. मग तो पुढच्या टोपलीकडे वळतो आणि गर्दी एक सुस्कारा सोडते.

पिल्लं ओल्या वाळूवर सोडली, की पुढची वाट त्यांची त्यांनी चालायची. कोणी उचलून पाण्यात टाकत नाही. दहा-वीस फूट चालायला एखाद्या पिल्लाला पाच मिनिटं लागतात. लाट येते, त्याला उलटंपालटं करून मागे फेकते, ते पुन्हा निघतं. हा कार्यक्रम बघायला लोक मंडणगड तालुक्यातल्या या आडबाजूच्या गावात येतात. बाणकोटच्या खाडीच्या दक्षिणेला वसलेलं वेळास पूर्वी ओळखलं जायचं ते नाना फडणवीसांचं गाव म्हणून. आता पाटी बदलली आहे. लोक त्याला कासवांचं गाव म्हणतात.

ही पाटी सरकारने लावलेली नाही. इथे येणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळून कित्येक वर्षं लोटली होती, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. अंडी उकरली तर तुरुंगवास. पण कायदा मुंबई-दिल्लीत होता आणि अंडी कोकणच्या वाळूत. रात्री मादी येऊन गेली, की पहाटे तिच्या पावलांचा माग काढत माणूस पोचायचा, काठीने वाळू टोचून खड्डा शोधायचा आणि शंभर-सव्वाशे अंडी पोत्यात भरून न्यायचा. थोडी घरी, बाकी बाजारात. यात आपण गुन्हा करतो आहोत असं त्याला वाटतही नसे. आंब्याच्या दिवसांत आंबे, तसा हा किनाऱ्यावरचा हंगामी माल.

2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं या किनाऱ्यावर आली, तीही कासवांसाठी नव्हे. भाऊ काटदरे यांनी 1990च्या दशकात उभी केलेली ही संस्था तेव्हा पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची घरटी मोजत फिरत होती. वेळासच्या वाळूत त्यांना अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला, की इथे कासवं येतात आणि त्यांची जवळपास सगळी अंडी नाहीशी होतात.

इथून पुढे ही मंडळी जे वागली, त्यातच या मोहिमेचं मर्म आहे. अंडी नेणाऱ्याला पकडून पोलिसांत देणं सोपं होतं. कायदा बाजूचा होता, वर्तमानपत्रात बातमीही आली असती. पण अख्खा किनारा, काळोखी रात्र आणि मूठभर कार्यकर्ते. किती जणांना पकडणार? आणि एकदा गावातल्या पोराला बेडी पडली, की गाव कायमचं विरोधात गेलं असतं. त्यांनी ग्रामपंचायतीशी बोलणं लावलं, गावकऱ्यांना गोळा करून कासव म्हणजे काय ते सांगितलं, आणि मग ज्याला माग काढण्याची कला सगळ्यांत चांगली अवगत होती, त्यालाच मानधन देऊन राखणीला बसवलं. अंडी शोधायची तशीच, फक्त पोत्याऐवजी ती कुंपणात न्यायची. पहिल्याच हंगामात पन्नासेक घरटी राखली गेली आणि अडीच हजारांहून जास्त पिल्लं समुद्रात गेली.

हे काम वाटतं तितकं सरळ नाही. मादी साधारण दोन-सव्वादोन फूट लांब, वजन चाळीस किलोच्या आसपास. भरतीरेषेच्या वर, कोरड्या वाळूत ती मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करते. तो सरळ नसतो. तोंड अरुंद, खाली पोट मोठं, अगदी मडक्यासारखा. त्यात ती अंडी घालते, दिसायला टेबल टेनिसच्या चेंडूसारखी, पण कवच मऊ. मग वाळू ओढून, अंगाने थोपटून खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लांची तोंडं ती कधीच पाहत नाही. अंडी घालताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतं, आणि लोक त्याला प्रसववेदना म्हणतात. खरं तर शरीरातलं जादा मीठ बाहेर टाकण्याची ती तिची सोय आहे, आणि ती समुद्रातही चालूच असते.

अंडी हलवायची तर पहिल्या काही तासांतच. नंतर आतला गर्भ कवचाला चिकटतो आणि अंडं फिरलं तर तो मरतो. म्हणून पहाटेची गस्त. सापडलेली अंडी न हिंदकळता टोपलीत ठेवायची, कुंपणाच्या आत त्याच खोलीचा, त्याच आकाराचा खड्डा करून त्यात उतरवायची, तारीख आणि अंड्यांची संख्या लिहायची. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू किती तापते यावर ते दिवस ठरतात, आणि आणखीही एक गोष्ट ठरते: पिल्लू नर होणार की मादी. वाळू साधारण तिशीच्या वर तापली की माद्यांचं प्रमाण वाढतं, त्याहून फार तापली तर अंडीच खराब होतात. कोकणातले उन्हाळे असेच कडक होत गेले तर हा हिशोब राखणदाराच्या हाती राहणार नाही.

कुंपणाच्या पद्धतीवर आक्षेपही आहेत, आणि ते अगदीच पोकळ नाहीत. मादीने निवडलेली जागा ती जागा. माणसाने निवडलेली तिची बरोबरी करेलच असं नाही. जिथे शक्य आहे तिथे घरटं मूळ ठिकाणीच राखावं, असं अनेक अभ्यासक सांगतात. पण कोल्हे, कुत्री, घोरपडी आणि माणूस हे चौघे एकाच वाळूत फिरत असतात, तेव्हा कुंपणाला पर्याय शोधणं अवघड जातं.

मानधनावर मोहीम किती वर्षं चालणार, हा प्रश्न होताच. त्याचं उत्तर 2006पासून मिळालं. पिल्लं सोडताना बघायला लोकांना बोलवावं, असं ठरलं आणि कासव महोत्सव सुरू झाला. वेळासमध्ये हॉटेल नव्हतं, ही अडचण गावाच्या पथ्यावर पडली. पाहुण्यांची सोय घराघरांतून झाली. शेणाने सारवलेली ओटी, सुपारीच्या बागेतली विहीर, पानावर गरम भात आणि सोलकढी. ज्या बायकांचा कासवांशी कधी संबंध आला नव्हता, त्यांच्या स्वयंपाकघरात कासवांमुळे चार पैसे येऊ लागले. त्यानंतर एखाद्याने अंडी उकरायचं ठरवलंच, तर त्याला वनखात्याच्या आधी शेजारणीला तोंड द्यावं लागणार होतं.

पर्यावरणाच्या चळवळी बहुतेक वेळा अडवण्याच्या असतात. धरण अडवा, रस्ता अडवा, झाड तोडणं अडवा. त्यांची गरज कोणी नाकारत नाही. वेळासमध्ये मात्र अडवायला कोणी मोठा शत्रूच नव्हता. समोर आपलाच शेजारी होता. तिथे घोषणा कामाला आली नसती. गावाच्या खिशाला आणि मानाला हात घालावा लागला, आणि तो कार्यकर्त्यांनी नेमका घातला. पुढे हीच पद्धत आंजर्ले, केळशी, गुहागर, हरिहरेश्वर, दिवेआगर आणि सिंधुदुर्गातल्या वायंगणी, तांबळडेगपर्यंत पोचली. गावोगावचे कासवमित्र तयार झाले. वनखातं आणि राज्याचा कांदळवन कक्ष यांनी यात लक्ष घातलं, आणि जे एका संस्थेचं काम होतं ते सरकारी यंत्रणेचंही झालं.

पण महोत्सवाला दुसरी बाजू आहे. गर्दी वाढली की मोबाइलचे दिवे आले, दोरीपलीकडे जाणारा हौशी फोटोग्राफर आला. वाळूवर चारचाकी घालणारा तर हमखास असतो. पिल्लू उजेडाकडे चालतं. हजारो वर्षं रात्री सगळ्यांत उजळ क्षितिज समुद्राचंच होतं, म्हणून ही सवय त्याला समुद्राकडे नेत आली. आता किनाऱ्यामागे रिसॉर्टचा दिवा लागला, की तेच पिल्लू उलट दिशेला चालू लागतं. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर 1990च्या दशकापासून घरटी राखण्याचं काम चालू आहे. आगोंद आणि गालजीबागही त्यासाठी ओळखले जातात. पण पर्यटनाचा लोंढा, शॅक आणि रात्रीचं संगीत एकदा किनाऱ्यावर आलं की घरट्यांसाठी जागा राखणं किती कठीण होतं, हेही मोरजीनेच दाखवलं आहे. कोकणातल्या गावांनी ते बघून ठेवायला हवं.

खरा कठीण भाग वाळूवर नाहीच. तो समुद्रात आहे. हजार पिल्लांमागे जेमतेम एक मोठं होतं, असा ढोबळ अंदाज सांगितला जातो. म्हणून दहा-पंधरा वर्षं जगून अंडी घालायला परतणारी एकेक मादी मोलाची. कासव फुप्फुसाने श्वास घेतं. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून ते तासन्‌तास पाण्याखाली राहिलं तर गुदमरतं. जाळ्यात तिरकी लोखंडी चौकट आणि वर झडप बसवली, तर कोळंबी आत जाते आणि कासव बाहेर पडतं. टेड नावाने ही युक्ती जगभर ओळखली जाते. ती भारतीय ट्रॉलरांवर नसल्यामुळे अमेरिकेने आपली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं 2019मध्ये बंद केलं. तरीही चौकट बसवायची म्हटली की मच्छीमार विचारतो, त्याच झडपेतून निसटलेल्या मासळीचे पैसे कोण देणार? त्याचा प्रश्न चुकीचा नाही.

महाराष्ट्राने 2018च्या डिसेंबरात त्यावर एक व्यवहारी तोडगा काढला. जाळ्यात कासव, व्हेल शार्क किंवा दुसरा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर फाटलेल्या जाळ्याची भरपाई 25 हजार रुपयांपर्यंत मिळते. पुरावा म्हणून सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. तत्त्व वेळासचंच: ज्याच्या हातात कासव आहे, त्याचं नुकसान होऊ द्यायचं नाही. जखमी कासवांसाठी डहाणूला उपचार केंद्र आहे, तिथे तुटक्या पायाची, जाळ्याने कापलेली कासवं आणली जातात.

कोकणातली कासवं कुठून येतात आणि कुठे जातात, हे मात्र अलीकडेपर्यंत अंदाजाचंच काम होतं. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्याला माद्या एकाच वेळी लाखांनी येतात; 2025मध्ये ऋषिकुल्याला ही संख्या सात लाखांच्या घरात गेली. आपल्याकडे त्या एकेकट्या, तुरळक येतात, म्हणून कोकणाकडे कोणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. 2021च्या जानेवारीत वेळासला आलेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं गेलं. पश्चिम किनाऱ्यावरची अशी पहिलीच, म्हणून तिचं नाव प्रथमा. नंतर सावनी, रेवा, वनश्री, लक्ष्मी. 2023मध्ये गुहागरहून गेलेली बागेश्री दक्षिणेला श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात पोचली.

आणि 2025च्या जानेवारीत उलटा प्रवास सापडला. गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर धातूची पट्टी होती, तिच्यावर क्रमांक 03233. ही पट्टी तिला 2021मध्ये ओडिशात लावली होती. पूर्वेची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, ही समजूत एका पट्टीने डळमळीत केली. तीही पहाटे गस्तीला कोणीतरी जागा होता, म्हणून सापडली.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: महोत्सव साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत असतो. मुंबईकडून हरिहरेश्वरमार्गे गेलात तर बागमांडला ते वेसवी फेरीबोटीने खाडी ओलांडावी लागते. पिल्लं सकाळी सात आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सोडतात. निघण्याआधी गावात फोन करून विचारा, कारण पिल्लांना सुट्टीचे वार कळत नाहीत. बॅटरी बंद ठेवा, मुलांना दोरीच्या अलीकडे धरा, पिल्लाला हात लावू नका. दोन्ही वेळा टोपल्या रिकाम्या निघाल्या तर यजमानांशी वाद घालू नका. मोदक खाऊन परत या आणि पुढच्या वर्षी पुन्हा जा.