मालवाहू गाडीचे स्टेअरिंग व पाटे : रचना आणि निगा

मुळशी तालुक्यात पौडच्या पुढे, वाळकी नदीच्या खोऱ्यात कोळवण हे गाव वसले आहे. भात हे या भागाचे मुख्य पीक होय. आंबेमोहोर हा येथील परंपरागत वाण. त्याच्या जोडीला वडगाव मावळ येथील संशोधन केंद्राने विकसित केलेला व १९८७ साली प्रसारित झालेला इंद्रायणी वाणही येथील खाचरांत घेतला जातो. चार महिने मुसळधार पाऊस, डोंगरउताराचे रस्ते आणि खाचरांतील चिखल, अशा परिस्थितीत येथील शेतकऱ्यास खत, बियाणे व भात यांची ने-आण करावी लागते. पूर्वी हे काम बैलगाडीने होई. आज ते पिकअप, छोटा टेम्पो व ट्रॅक्टर-ट्रॉली यांच्यावर सोपविलेले आहे.

बैलाची निगा राखणे शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र इंजिन सुरू होते आहे, तोवर गाडी ठणठणीत आहे अशी समजूत आढळते. ही समजूत धोक्याची आहे. इंजिन बिघडले तर गाडी जागच्या जागी उभी राहते. स्टेअरिंग किंवा पाटे झिजले तर गाडी चालूच राहते आणि भरल्या ओझ्यानिशी उतारावर असतानाच दगा देते. म्हणूनच या दोन यंत्रणांची रचना समजावून घेणे व वेळच्या वेळी त्यांची तपासणी करणे हे गाडी बाळगणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचे काम आहे.

वळण घेण्याचे तत्त्व

खळ्यावर तिवड्याभोवती पात फिरते, तेव्हा तिवड्यालगतचा बैल लहान फेरा घेतो व कडेचा बैल मोठा फेरा घेतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. गाडीच्या चाकांचेही तसेच होते. वळणाच्या आतील बाजूचे चाक लहान वर्तुळात आणि बाहेरील चाक मोठ्या वर्तुळात धावते. दोन चाकी बैलगाडीत दोन्ही चाके आखावर स्वतंत्रपणे फिरत असल्यामुळे आणि वळविण्याचे काम बैल करीत असल्यामुळे तेथे अडचण येत नाही. चार चाकी गाडीत मात्र पुढील दोन्ही चाके सारख्याच कोनात वळविली, तर त्यांपैकी एक चाक रस्त्यावर घासत जाईल. यासाठी आतील चाक अधिक व बाहेरील चाक किंचित कमी वळेल अशी सांधेजोड करावी लागते. म्युनिच येथील गाड्या बनविणारे कारागीर गेओर्ग लांकेन्स्पेर्गर यांनी घोडागाडीसाठी ही युक्ती योजिली व १८१८ साली रुडॉल्फ आकरमन यांनी इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. आजच्या मोटारगाडीची व ट्रॅक्टरचीही जोडणी मुख्यतः याच तत्त्वावर आधारलेली असते.

स्टेअरिंगचे भाग

चालकाच्या हातातील चक्र एका दांड्याने खालच्या दातेरी पेटीस जोडलेले असते. ही पेटी चक्राची फेरी मंद करून तिचा जोर वाढविते. पेटीतून निघालेली भुजा दांड्यांच्या साहाय्याने चाकांना वळविते. दोन्ही चाकांना एकमेकांशी जोडणाऱ्या दांड्यास टाय रॉड म्हणतात व त्याच्या टोकांस गोलाकार सांधे, म्हणजे बॉल जॉइंट, असतात. मनुष्याच्या खांद्याचा सांधा जसा निरनिराळ्या दिशांना फिरतो, तसाच हा सांधा फिरतो. जुन्या जीपगाड्यांत, ट्रकमध्ये व काही छोट्या टेम्पोंत चाक ज्या उभ्या खुंटीवर वळते तिला किंग पिन म्हणतात. १९८३ साली बाजारात आलेल्या मारुती ८०० सारख्या मोटारींत दातेरी पेटीऐवजी एक दातेरी पट्टी व तिला सरकविणारे लहान दातेरी चाक असते. तिला रॅक व पिनियन म्हणतात.

अलीकडील गाड्यांत पॉवर स्टेअरिंग असते. तेलाच्या दाबाने किंवा विजेच्या मोटारीने ते चालकाच्या हातास मदत करते. तथापि ते सांध्यांची झीज थांबवीत नाही. उलट चक्र हलके फिरत असल्यामुळे झीज चालकाच्या लक्षात उशिरा येण्याचा संभव असतो.

पाटे व शॉकअॅब्सॉर्बर

रस्त्याचा हादरा माल, चौकट व माणसे यांच्यापर्यंत सरळ पोहोचू नये म्हणून चाके व चौकट यांच्यामध्ये लवचिक आधार ठेवलेला असतो. मालवाहू गाडीत तो बहुधा पोलादी पाट्यांचा असतो. लांब पाट्याखाली क्रमाने आखूड पाटे रचून मध्यभागी सेंटर बोल्टने ते एकत्र आवळतात आणि यू बोल्टने आखावर घट्ट बसवितात. पाट्याचे एक टोक चौकटीस पिनेने जोडलेले असते. दुसरे टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्यात असते, कारण दाब आल्यावर पाटा सरळ होऊन त्याची लांबी वाढते व तिला जागा द्यावी लागते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेचा आरंभ झाला, त्यानंतर विकासगटांतून ज्या जीपगाड्या गावोगाव हिंडल्या, त्यांच्या चारही चाकांवर असेच पाटे होते. २००५ साली आलेल्या व ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टाटा एस या गाडीतही पुढे व मागे पाटेच योजिलेले होते.

पाटा हादरा झेलतो, पण तो जिरवीत नाही. झोक्याला एकदा धक्का दिला म्हणजे तो जसा पुनःपुन्हा हेलकावे घेतो, तशीच गाडीही पाट्यावर हेलकावत राहील. हे हेलकावे शमविण्याचे काम शॉकअॅब्सॉर्बर करतो. त्याच्या नळीत तेल व दट्ट्या असतात. तेल बारीक छिद्रांतून रेटले जाताना हादऱ्याची शक्ती उष्णतेच्या रूपाने खर्च होते. शॉकअॅब्सॉर्बर निकामी झाला, तर खडबडीत रस्त्यावर चाक क्षणोक्षणी जमिनीपासून उचलले जाते. उचललेले चाक वळतही नाही व ब्रेकही घेत नाही.

ट्रॅक्टरचे वेगळेपण

शेतीच्या बहुतेक ट्रॅक्टरांना पाटे नसतात. टायरमधील हवा व चालकाचे आसन हेच काय ते हादरा सोसतात. पुढील आख मध्यभागी एका पिनेवर डोलतो, त्यामुळे बांध ओलांडताना चारही चाके जमिनीस टेकून राहतात. चिखलणीच्या दिवसांत ही मधली पिन, चाकांच्या खुंट्यांचे बुश आणि टाय रॉडची टोके चिखलात बुडतात. चिखलातील बारीक वाळू सांध्यांत शिरली की ती कानशीसारखी लोखंड खाते. म्हणून चिखलणीचे काम चालू असेतो रोज सायंकाळी हे भाग धुवावे आणि स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस भरावे. नव्या ग्रीसबरोबर आतील पाणी व चिखल बाहेर ढकलला जातो.

ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवली पाहिजे. जड ट्रॉली घेऊन चढ चढताना ट्रॅक्टरच्या मागील भागावर भार येतो व पुढील चाके हलकी होतात. अशा वेळी स्टेअरिंग कितीही चांगल्या स्थितीत असले, तरी जमिनीवर दाब नसलेली चाके ट्रॅक्टरला वळवू शकत नाहीत. ट्रॉलीत माल मागे-पुढे समतोल भरावा, ती ठरलेल्या हुकालाच जोडावी आणि चढावर पुढील चाके हलकी लागताच ओझे कमी करावे.

ओझ्याचा हिशेब

पाटे व सांधे लवकर झिजण्याचे एक मोठे कारण म्हणजे मर्यादेपेक्षा अधिक ओझे होय. नोंदणी-पुस्तकात गाडीचे रिकामे वजन व भरलेले कमाल वजन दिलेले असते. त्यांच्यातील फरकात मालाबरोबर चालक व सोबतची माणसेही मोजावयाची असतात. समजा, हा फरक ८०० किलो आहे आणि चालक व मदतनीस मिळून १३० किलो होतात. मग मालासाठी ६७० किलो उरतात, म्हणजे ५० किलोची १३ पोती. त्याच गाडीत २० पोती भरली, तर ३३० किलो जादा होतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११३ अन्वये अशी गाडी चालविण्यास मनाई आहे.

यावर उपाय म्हणून काही ठिकाणी एक-दोन जादा पाटे बसवून घेण्याची पद्धत आहे. त्यामुळे गाडीचा मागील भाग उंच दिसतो व ती अधिक भार पेलू शकते असे वाटते. वास्तविक पाटा जाड झाला, तरी आख, टायर, ब्रेक व स्टेअरिंगचे सांधे पूर्वीचेच राहतात. न वाकणारा पाटा जो हादरा झेलीत नाही, तो या इतर भागांना सोसावा लागतो. भात दोन खेपांत न्यावे. दुसऱ्या खेपेचे इंधन तुटलेल्या आखापेक्षा स्वस्त पडते, आणि माणसाच्या प्राणास तर मोलच नाही.

घरच्या घरी तपासणी

पुढील तपासण्यांस विशेष हत्यारे लागत नाहीत.

१. चक्रातील मोकळा खेळ : गाडी सपाट जागी, चाके सरळ ठेवून उभी करावी. पॉवर स्टेअरिंग असल्यास गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून व हातब्रेक ओढून इंजिन चालू ठेवावे. चक्राच्या कडेवर खडूने खूण करून चाक हलू लागेपर्यंत चक्र किती फिरते ते दोन्ही दिशांना पाहावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ प्रमाणे हा खेळ ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये. ३८ सें.मी. व्यासाच्या चक्राच्या कडेवर हे अंतर सुमारे १० सें.मी. भरते. ही कायद्याची शेवटची मर्यादा होय. चांगल्या गाडीत खेळ याहून पुष्कळच कमी असतो, म्हणून तो वाढत असल्याचे दिसताच गाडी कारागिरास दाखवावी.

२. सांधे : इतर चाकांना दगडाची उटी लावून पुढील चाक जॅकने उचलावे व चौकटीखाली भक्कम ठोकळा द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. टायर वर-खाली धरून हलविल्यास बेअरिंग, किंग पिन वा बॉल जॉइंट यांची झीज कळते. डाव्या-उजव्या बाजूंस धरून हलविल्यास टाय रॉडच्या टोकांची झीज कळते. सांध्यांवरील रबरी टोप्या फाटलेल्या असल्यास त्या ताबडतोब बदलाव्यात. त्याच नियम ९८ नुसार या टोप्या असणे आवश्यक आहे.

३. पाटे : चिखल धुऊन प्रत्येक पाटा पाहावा. तडा गेला असेल, तर तेथे गंजाची बारीक रेषा दिसते. यू बोल्टचे नट पान्याने तपासावेत. सेंटर बोल्ट तुटल्यास आख सरकतो व गाडी तिरकी धावू लागते. शॅकलच्या पिनेस ग्रीस निपल असल्यास ग्रीस भरावे. रबरी बुशास मात्र तेल वा ग्रीस लावू नये, कारण त्याने रबर फुगते व कुजते.

४. शॉकअॅब्सॉर्बर : नळीवर तेलाचा ओघळ दिसत असेल तर तो निकामी होऊ लागला असे समजावे. मोटारीचा कोपरा जोराने दाबून सोडला असता तो वर येऊन स्थिरावला पाहिजे. तो पुनःपुन्हा खाली-वर होत राहिल्यास शॉकअॅब्सॉर्बर बदलावा.

५. टायर : टायर हे या यंत्रणांचे आरोग्यपत्रकच होय. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, मधला भाग झिजला असेल तर हवा अधिक. एकच कड झिजली असेल, तर चाकांची मांडणी बिघडली आहे, असा सामान्यतः निष्कर्ष काढावा व व्हील अलाइनमेंट करून घ्यावी.

काय टाळावे

वाकलेला टाय रॉड तापवून सरळ करू नये आणि त्यास वेल्डिंगही करू नये. तापविल्याने पोलादाचे पाणी उतरते, व तो पुढे अवचित तुटतो. नट अडकविणारी कॉटर पिन एकदा काढली की पुन्हा वापरू नये व तिच्या जागी खिळा घालू नये. तुटलेल्या पाट्याला तारेने आवळून माल वाहू नये. पेटी, रॅक व बॉल जॉइंट यांचे काम जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे. ग्रीस, तेल व हवा यांचे प्रमाण गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

कोळवणसारख्या भातपट्ट्यातील गावांत ही तपासणी वर्षातून निदान दोनदा व्हावी : एकदा पावसाळ्यापूर्वी व एकदा भातकापणीच्या आधी. कार्यकर्त्यांनी एखाद्या सपाट मैदानावर गावातील गाड्या एकत्र आणवून जाणकार कारागिराच्या उपस्थितीत खडू, जॅक व पान्याने तपासणीचे प्रात्यक्षिक दाखवावे. ज्या गाडीत दोष आढळेल, तिच्या मालकास तो लिहून द्यावा आणि दुरुस्ती होईपर्यंत तीत माल वा माणसे नेऊ नयेत असे स्पष्टपणे सांगावे. मालवाहू गाडीच्या हौद्यात किंवा ट्रॉलीत मजूर बसविण्याची चाल तर बंदच झाली पाहिजे.

बैलगाडीच्या आखाला वेळेवर वंगण न घालणाऱ्या शेतकऱ्यास गाव आळशी म्हणत असे. मोटारीच्या सांध्यांनाही तोच न्याय लावावयास हवा. खडूची एक खूण, ग्रीसचे चार हात आणि पोत्यांचा प्रामाणिक हिशेब एवढे सांभाळले, तर शेतात पिकलेले धान्य व ते पिकविणारी माणसे दोन्ही सुखरूप घरी पोहोचतील.