शहर आखताना माणूस कुठे असतो?

उड्डाणपूल उभा राहिला की त्याची लांबी आणि खर्च जाहीर होतो. पुलाखालून आजीबाईंना रस्ता ओलांडता येतो का, हे कोणी मोजत नाही. ते मोजून शहर आखायचे म्हटले की ठरलेले आक्षेप पुढे येतात.

गैरसमज : झाडे म्हणजे निव्वळ शोभा.

वस्तुस्थिती : संशोधक रॉजर उलरिक यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांना खिडकीतून झाडे दिसत, उरलेल्यांना विटांची भिंत. झाडे दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि ते सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले. हा अभ्यास १९८४मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

गैरसमज : रस्ता रुंद केला की कोंडी फुटते.

वस्तुस्थिती : ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८मध्ये रुंद झाला, काही ठिकाणी सेवारस्ते धरून २६ मार्गिका. काही वर्षांतच तो पुन्हा तुंबला, कारण मोकळा रस्ता दिसला की लोक जास्त गाड्या काढतात. सोलने उलटे केले. चॉन्गेचॉन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग २००३पासून पाडला, बससेवा सुधारली आणि २००५मध्ये ५.८ किलोमीटरचा प्रवाह खुला केला. शहर ठप्प झाले नाही. उलट उन्हाळ्यात ओढ्याकाठची हवा शेजारच्या रस्त्यांहून थंड असते.

गैरसमज : गाड्या बंद, की दुकाने बंद.

वस्तुस्थिती : कोपनहेगनचा स्ट्रॉयट रस्ता १९६२मध्ये वाहनमुक्त झाला, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनीही हीच ओरड केली होती. आज ती शहरातली सर्वांत गजबजलेली बाजारपेठ आहे. पुण्यात लक्ष्मी रस्त्याचा काही भाग डिसेंबर २०२१मध्ये पादचारी दिनासाठी वाहनमुक्त झाला, तो मात्र एका दिवसापुरता.

गैरसमज : बाग केली की ती सगळ्यांचीच.

वस्तुस्थिती : नऊ वर्षांपुढच्या मुली बागांमधून दिसेनाशा होतात, असे १९९०च्या दशकात व्हिएन्नात आढळले. मोठे मैदान मुलगे व्यापत; मुलींना जागेसाठी भांडावे लागे. मग काही बागांत पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, मैदानाचे छोटे आडोशाचे भाग पाडले. मुली परतल्या, मुलगेही हटले नाहीत.

गैरसमज : हे श्रीमंत देशांचे चोचले.

वस्तुस्थिती : कोलंबियाच्या बोगोटात १९७४पासून ‘सिक्लोव्हिया’ चालते. दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन, शंभरहून अधिक किलोमीटरचे रस्ते गाड्यांना बंद. नवे बांधकाम नाही. अडथळे लावायचे आणि चौकाचौकात माणसे उभी करायची. सायकली, स्केट, बाबागाड्या सारे त्याच डांबरावर येते, आणि वाटेतल्या बागांमध्ये व्यायामाचे वर्ग फुकट भरतात.