संयुक्त क्रियापद

संयुक्त क्रियापद म्हणजे धातुसाधित आणि सहायक क्रियापद यांच्या संयोगाने बनलेले व एकाच क्रियेचा बोध करून देणारे क्रियापद होय. 'वारा वाहू लागला' या वाक्यात 'वाहू' हे धातुसाधित आणि 'लागला' हे सहायक क्रियापद आहे. मुख्य क्रियेचा अर्थ धातुसाधितात असतो. सहायक क्रियापद त्या क्रियेचा काळ, आरंभ, पूर्ती, शक्यता यांसारख्या छटा दाखवते आणि वाक्य पूर्ण करते. दोन क्रियावाचक शब्द शेजारी आले एवढ्यावरून संयुक्त क्रियापद सिद्ध होत नाही. क्रिया एक आहे की दोन, हे अर्थावरून ठरवावे लागते.

घटक

धातूला प्रत्यय लागून बनलेल्या, पण स्वतः वाक्य पूर्ण न करणाऱ्या शब्दास धातुसाधित किंवा कृदन्त म्हणतात. संयुक्त क्रियापदात त्याची पुढील रूपे प्रामुख्याने आढळतात.

• ऊ-प्रत्ययान्त: बोलू लागला, जाऊ शकते
• ऊन-प्रत्ययान्त: तुटून गेला, लिहून टाकले
• त-प्रत्ययान्त: येत आहे, गात असे
• ला-प्रत्ययान्त: आला आहे, गेली होती

'होडी आली' या वाक्यात 'आली' हा शब्द एकटाच वाक्य पूर्ण करतो, म्हणून तेथे तो क्रियापद आहे. 'होडी आली आहे' या वाक्यात ते काम 'आहे' करते आणि 'आली' हे धातुसाधित ठरते. उलट 'होडी किनाऱ्याला आहे' येथे 'आहे' हे सहायक नसून मुख्य क्रियापद आहे.

सहायक क्रियापदांच्या छटा

सहायक म्हणून येताना क्रियापदाचा मूळ अर्थ क्षीण होतो. 'टाकणे' क्रिया उरकल्याचे सुचवते (सांगून टाकले). 'ठेवणे' पुढील उपयोगासाठी केलेली क्रिया दाखवते (बोंबील वाळवून ठेवले). 'बसणे' अनेकदा पश्चात्तापाची छटा आणते (पैसे गमावून बसला). 'देणे' व 'घेणे' यांनी क्रिया दुसऱ्यासाठी की स्वतःसाठी, हे कळते (लिहून दिले, लिहून घेतले).

ओळखण्याच्या कसोट्या

'तो जेवून गेला' या वाक्यात जेवणे व जाणे या दोन क्रिया आहेत, तर 'दोर तुटून गेला' यात तुटण्याची एकच क्रिया आहे; दोर कोठेही जात नाही. पहिल्या वाक्यात मध्ये शब्द घालून 'तो जेवून घरी गेला' असे म्हणता येते. दुसऱ्यात 'च', 'ही' यांसारखी अव्यये वगळता (तुटूनच गेला) असा शब्द सहसा बसत नाही. नकारार्थी वाक्यातही बहुधा साधे क्रियापद येते: 'दोर तुटला नाही'.

काही वाक्ये संदिग्ध असतात. 'त्याने शेजाऱ्याला मासळी आणून दिली' येथे आणणे व देणे या दोन क्रिया मानता येतात किंवा 'दिली' हे सहायक मानता येते. अशा वेळी संदर्भ पाहावा लागतो.

'मदत करणे', 'सुरुवात होणे' यांत पहिला शब्द नाम असल्याने पारंपरिक व्याख्येनुसार ही संयुक्त क्रियापदे नव्हेत.

इंग्रजीशी तुलना

इंग्रजीत भूतकालवाचक धातुसाधिताचे एकच रूप तीन कामे करते. 'ब्रोकन' हे रूप 'हॅव'सह पूर्ण काळ व 'बी'सह कर्मणी प्रयोग बनवते, तसेच विशेषण म्हणूनही येते. मराठीत ही कामे वाटली गेली आहेत: 'मोडली आहे', 'मोडली गेली' आणि 'मोडलेली होडी'. त्यामुळे 'ब्रोकन'साठी सर्वत्र एकच मराठी रूप योजता येत नाही.

दुसरा भेद रूपबदलाचा आहे. इंग्रजी धातुसाधित लिंगवचनानुसार बदलत नाही. 'ब्रॉट' कायम राहते. मराठीत कर्मणी प्रयोगात ते कर्माप्रमाणे बदलते: 'तिने दोर आणला आहे', 'तिने टोपली आणली आहे', 'तिने जाळे आणले आहे'.

नवीन कर्मणी प्रयोग

मुंबई उपनगरातील मढ येथील पोर्तुगीजकालीन किल्ला मराठ्यांनी १७३९ मध्ये जिंकला. ही घटना 'मराठ्यांनी किल्ला जिंकला' अशी सांगता येते, तशीच 'मराठ्यांकडून किल्ला जिंकला गेला' अशीही सांगता येते. दुसऱ्या वाक्यात 'जिंकला' या धातुसाधितास 'जाणे' हे सहायक जोडले आहे. इंग्रजीच्या धर्तीवरील या रचनेस नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी प्रयोग म्हणतात. पहिले वाक्यही मराठीत कर्मणीच आहे, कारण 'जिंकला' हे रूप कर्माप्रमाणे चालते. म्हणून इंग्रजी कर्मणी वाक्याच्या भाषांतरात प्रत्येक वेळी 'गेला' जोडण्याची गरज नसते. कर्ता अज्ञात असेल किंवा सांगायचा नसेल, तेथे ही रचना सोयीची ठरते.

व्याकरणपरंपरा

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले. त्याच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाचा प्रभाव होता. मोरो केशव दामले यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथात पूर्वीच्या व्याकरणकारांच्या मतांची विस्तृत चिकित्सा केली. मो. रा. वाळंबे यांच्या 'सुगम मराठी व्याकरण लेखन' या पुस्तकामुळे धातुसाधित, सहायक क्रियापद आणि क्रियेची एकता हे संयुक्त क्रियापदाचे निकष विद्यार्थ्यांच्या परिचयाचे झाले.